नोकरी सोडून गेम बनवावा का? घरगुती प्रश्नाचा संशोधन-प्रश्न करताना

‘पुण्यातली नोकरी सोडतोय. गावी राहून स्वतःचा गेम बनवणार आणि विकणार.’ साताऱ्यात किंवा सांगलीत कुणी असं म्हणालं, की दोन उत्तरं ठरलेली असतात. घरचे म्हणतात, ‘डोकं ठिकाणावर आहे ना?’ मित्र म्हणतात, ‘कर रे बिनधास्त, अमक्याने केलंच की.’ दोघेही जीव तोडून सांगतात आणि दोघांकडेही पुरावा म्हणून एखाद-दुसरा माणूसच असतो. घरच्यांना बुडालेला चुलतभाऊ आठवतो, मित्रांना यूट्यूबवर मुलाखत देणारा कुणीतरी.

नोकरी सोडावी की नाही, हे मी इथे सांगणार नाही. पेट किंवा सेटची तयारी करणाऱ्यांना एक गोष्ट दाखवायची आहे: ज्या प्रश्नावर घरात भांडण होतं, तोच प्रश्न संशोधनात कसा धरायचा. सॅम्पल, व्हेरिएबल, बायस हे शब्द आपण पेपरसाठी पाठ करतो. इथे ते कुणाच्या तरी दीड वर्षाच्या पगाराला आणि लग्नाच्या बोलणीला भिडतात.

आधी शब्द नक्की करू

‘गेम’ म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागते. भारतातल्या ‘गेमिंग’ उद्योगाचे मोठमोठे आकडे तुम्ही वाचले असतील. त्या आकड्यांत रमी, फँटसी क्रिकेट अशा पैसे लावून खेळायच्या खेळांचा वाटा मोठा असायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि अशा पैशाच्या खेळांवर बंदी घातली. म्हणजे जुने आकडे दाखवून ‘गेमिंगला भारतात प्रचंड वाव आहे, म्हणून माझा गेम चालेल’ असं म्हणणं, साखर कारखान्याची उलाढाल दाखवून रसवंतीगृहाला कर्ज मागण्यासारखं आहे. दोन्हीकडे ऊस आहे, धंदा मात्र वेगळा आहे.

आपण ज्याबद्दल बोलतोय तो इंडी गेम. एक माणूस किंवा चार-पाच जणांची टीम स्वतःच्या पैशाने, मोठ्या कंपनीच्या हुकमाशिवाय बनवते आणि स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानात विकते, तो गेम. संशोधनात याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात. ती पहिल्या पानावर नसेल, तर पुढचे दोनशे पानांचे टेबल कशाचे आहेत हे कुणालाच कळत नाही.

‘नोकरी सोडावी का’ या एका वाक्यातही तीन प्रश्न दडलेले आहेत. गेम पूर्ण होईल का? पूर्ण झाला तर विकला जाईल का? विकला गेला नाही तर परत नोकरी मिळेल का? पहिला प्रश्न कौशल्य आणि वेळेचा, दुसरा बाजाराचा, तिसरा श्रमबाजाराचा. तिघांची उत्तरं वेगवेगळ्या डेटातून येतात. घरातलं भांडण मिटत नाही, कारण वडील तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलत असतात आणि मुलगा पहिल्याबद्दल. दुसऱ्याबद्दल बहुतेक वेळा कुणीच बोलत नाही.

यशाच्या गोष्टी कशा वाचायच्या

महाराष्ट्रातलं सगळ्यात माहितीतलं उदाहरण पुण्याचं आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये नॉडिंग हेड्स गेम्स हा स्टुडिओ काढला. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा त्यांचा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर व इतर कन्सोलवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनांत तो होता. ही बातमी आपल्यापर्यंत पोचते. मधला भाग तेवढा पोचत नाही. २०१७ मध्येच त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता आणि ठरवलेली रक्कम जमली नव्हती. पुढे एपिक गेम्स कंपनीचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, तेव्हा कुठे गेम बाजारात आला.

दुसरं उदाहरण सगळ्या जगात सांगतात: अमेरिकेतल्या एरिक बॅरोनचा ‘स्टार्ड्यू व्हॅली’. एकट्याने बनवलेला, फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेला आणि कोट्यवधी प्रती विकला गेलेला गेम. ‘नोकरी सोडून झोकून दिलं’ या यादीत हे नाव हमखास असतं. पण बॅरोनने नोकरी सोडलीच नव्हती. २०११ मध्ये पदवी घेतल्यावर त्याला मनासारखी नोकरी मिळाली नाही, म्हणून त्याने गेम सुरू केला. चार वर्षांहून जास्त काळ तो त्यावर काम करत होता. त्या काळात तो एका थिएटरात अर्धवेळ काम करायचा आणि घरखर्चाचा मोठा भार त्याच्या जोडीदाराने उचलला होता. तेव्हा ‘हिंमत’ हे व्हेरिएबल मोजायला निघालात, तर शेजारी ‘घरात दुसरं उत्पन्न आहे का’ हेही मोजायला हवं.

आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. ही दोन्ही उदाहरणं टिकलेल्यांची आहेत. तासगावच्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. निर्यातीच्या पेटीतले घड बघून कुणी म्हणालं, ‘या छाटणीने माल असाच येतो’, तर तो विचारेल, बेदाण्याला गेलेला माल मोजला का? पावसात मणी तडकले ते? फुलोऱ्यात गळले ते? पेटीत पोचलेल्या मालावरून छाटणीचा निकाल लावता येत नाही. संशोधनात याला सर्व्हायवरशिप बायस म्हणतात. सोप्या भाषेत, टिकले त्यांचाच हिशोब. यशस्वी गेमकर्त्यांच्या पन्नास मुलाखती घेतल्या तरी तो बायस जात नाही. सॅम्पल मोठं होतं, चूक तेवढीच राहते.

किर्लोस्करांचा नांगर

मग एका माणसाची गोष्ट संशोधनात कुचकामी असते का? तसं नाही. ती कशासाठी वापरायची, एवढंच कळायला हवं. आपल्याच भागातली एक गोष्ट घेऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथून ‘स्वाभिमानाने राजीनामा’ अशी पुढे जाते. पण त्याआधीचा तपशील बघा. मुंबईत पगार चालू असतानाच ते सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवत होते आणि भाऊ तिथे त्या विकत होता. म्हणजे नोकरी सुटली तेव्हा धंद्याचं एक टोक आधीच जमिनीवर टेकलं होतं.

पुढे बेळगावात कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर झाला. नांगर चांगला होता, पण विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेल्याचं सांगतात. माल तयार होणं आणि माल खपणं यांत केवढं अंतर असतं, ते इथे दिसतं. नंतर बेळगावातली जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली आणि पैशाची मदत केली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. १९२० मध्ये कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यायचं काम ते करायचं. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ हे मोठं मासिक झालं. आजचा इंडी गेमकर्ता गेम बाजारात येण्याआधी महिनोन्‌महिने डेव्हलॉग लिहितो, कामाचे छोटे व्हिडिओ टाकतो. त्याची धडपड याच जातीची आहे.

पण किर्लोस्करही टिकलेलेच ना? हो. त्या काळात बेळगाव, सातारा, सांगलीकडे किती जणांनी यंत्रं बनवायचा प्रयत्न केला आणि किती बुडाले, हे या गोष्टीतून कळत नाही. एक केस ‘कसं घडलं’ ते दाखवते. ‘किती वेळा घडतं’ ते दाखवत नाही. पगार चालू असताना चाचपणी, मालावर अविश्वास, कुणाचं तरी पाठबळ आणि गिऱ्हाइकाशी सतत बोलणं, हे चार दुवे या केसने आपल्या हातात दिले. प्रत्येक दुवा खरंच महत्त्वाचा आहे का, हे तपासायला मोठा डेटा लागतो. केस स्टडी आणि सर्व्हे यांचं नातं असं आहे.

मोठ्या अभ्यासांत काय दिसतं

पहिला दुवा, पगार चालू असताना चाचपणी. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांचा २०१४ मधला अभ्यास नेमका यावरच आहे. अमेरिकेतल्या त्याच त्या लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा डेटा त्यांनी वापरला. नोकरी धरून धंदा सुरू करणारे आणि नंतर पूर्णवेळ धंद्यात उतरणारे एका गटात, थेट नोकरी सोडणारे दुसऱ्या गटात. पहिल्या गटाची धंदा बंद करून बाहेर पडण्याची जोखीम सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली.

इथे थांबून तुम्ही विचारायला हवं: नोकरी धरून ठेवल्याने फरक पडला, की मुळातच सावध माणसं नोकरी धरून ठेवतात आणि त्यांच्या सावधपणाने फरक पडला? हा सिलेक्शनचा प्रश्न. धोका टाळणारी माणसं हा मिश्र मार्ग जास्त निवडतात, हे त्याच अभ्यासात दिसतं. त्यामुळे लेखकांना या गोष्टी हिशोबात धरूनच तुलना करावी लागते. पेपर वाचताना निकालाआधी हा भाग शोधायची सवय लावा.

दुसरा मुद्दा कमाईचा. बार्टन हॅमिल्टन यांनी २००० मध्ये दाखवलं, की स्वतःच्या धंद्यात दहा वर्षं काढलेल्या मधल्या माणसाची कमाई, त्याला नोकरीत मिळाली असती त्यापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी होती. इथे ‘मधला माणूस’ म्हणजे मीडियन. थोड्या लोकांनी भरपूर कमावलं की सरासरी फुगते, मीडियन जागेवर राहतो. मुलाखती सरासरी फुगवणाऱ्यांच्या होतात, आपण मात्र मीडियनच्या आसपास निघण्याची शक्यता जास्त.

तिसरा, परतीचा प्रश्न. गुस्तावो मान्सो यांचा २०१६ मधला अभ्यास वडिलांना दाखवण्यासारखा आहे. धंदा न चाललेले बरेच लोक लवकर नोकरीत परततात आणि परतल्यावर त्यांच्या पगाराला फारसा फटका बसत नाही, असं त्यात दिसतं. त्यामुळे धंदा करून बघणं हा एक प्रयोग मानता येतो: चालला तर वाढवायचा, नाही तर वेळेत थांबायचं. पण हा डेटा अमेरिकेचा आहे. विट्याच्या मुलाने दीड वर्षाची गॅप दाखवली तर पुण्यातला एचआर काय म्हणेल, हे त्यातून कळत नाही. ही रिकामी जागा म्हणजेच तुमच्यासाठी रिसर्च गॅप.

चौथा दुवा पाठबळाचा. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी १९९८ मध्ये ब्रिटनचा डेटा वापरून दाखवलं, की वारसा किंवा भेट म्हणून पैसे मिळालेले लोक स्वतःच्या धंद्यात पडण्याची शक्यता वाढते. औंधचा राजा आता नाही. त्याच्या जागी वडिलांची पेन्शन, बायकोचा पगार, गावाकडचं घर असतं. ज्याच्या पगारावर आईची औषधं आणि बहिणीची फी अवलंबून आहे, त्याला ‘हिंमत नाही’ म्हणणं म्हणजे मोजमापातली चूक आहे.

नशिबाचाही एक अभ्यास आहे. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये चौदा हजारांहून जास्त लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. लोकांचे वेगवेगळे गट केले. काही गटांना इतरांनी कोणती गाणी उतरवून घेतली ते दिसत होतं. अशा प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर गेली. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, वाईट सहसा डोक्यावर चढली नाहीत, पण मधल्यांचं काहीही झालं. गेमच्या बाजारालाही हे लागू पडेल असं वाटतं. वाटणं आणि दाखवणं वेगळं, म्हणून याला आपण हायपोथेसिस म्हणू.

बाजार आणि वहीतला हिशोब

स्टीमवर गेम टाकायला प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. विक्रीतले साधारण ३० टक्के दुकान ठेवतं. विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. २०१४ मध्ये तिथे वर्षभरात दोन हजारांहूनही कमी गेम आले होते. २०२४ मध्ये हा आकडा अठरा हजारांच्या पुढे गेला. गिऱ्हाइकाचा दिवस मात्र तेव्हाही चोवीस तासांचा होता आणि आजही तेवढाच आहे.

आता एक कल्पित हिशोब करू. पगार महिना ४५,००० रुपये. गावी राहण्याचा खर्च महिना २०,०००. गेमला १८ महिने. संगीत, चित्रं, सॉफ्टवेअर, फी मिळून ६०,०००. हातातून जाणारी रोकड २०,००० गुणिले १८ म्हणजे ३,६०,०००, अधिक ६०,०००, एकूण ४,२०,०००. पण खरी किंमत वेगळी: न मिळालेला पगार ८,१०,०००, अधिक ६०,०००, म्हणजे ८,७०,०००. घरखर्च इथे परत धरायचा नाही, कारण जेवण नोकरीत असतानाही लागतंच. बरेच जण दोन्ही रकमा एकत्र मिळवतात, तिथे हिशोब चुकतो.

सवलती आणि विक्रीवरचा कर वजा करून एका प्रतीला सरासरी ३०० रुपये धरा. दुकानाचे ३० टक्के गेल्यावर २१०. दहा टक्के प्रती परत आल्या असं धरलं तर हातात १८९. रोकड भरून निघायला साधारण २,२०० प्रती खपायला हव्यात, नोकरीची बरोबरी करायला ४,६००. यातला प्रत्येक आकडा बदलून बघा. महिने १८ ऐवजी ३० केले की काय होतं ते नक्की बघा, कारण गेम सहसा ठरल्या वेळेत पूर्ण होत नाहीत.

मग नोकरी धरून काय करता येईल? संध्याकाळी आणि रविवारी काम करून वीस मिनिटांचा डेमो बनवता येतो. स्टीमवर पान उघडून किती अनोळखी लोक गेम विशलिस्टमध्ये टाकतात, ते मोजता येतं. ‘नेक्स्ट फेस्ट’ हा डेमोंचा उत्सव असतो, एका गेमला तिथे एकदाच जाता येतं, म्हणून कच्चा डेमो घेऊन घाई करायची नाही. संशोधनात याला पायलट स्टडी म्हणतो: मोठा खर्च करायच्या आधी छोट्या खर्चात मिळवलेली माहिती. मित्र आणि मावसभाऊ यांचं कौतुक डेटात धरायचं नाही. एक गोष्ट आधी वाचा, ती म्हणजे तुमचं नोकरीचं करारपत्र. नोकरीत असताना बनवलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क सांगणारं कलम त्यात असू शकतं.

सातारा-सांगलीत हा अभ्यास करायचा तर

समजा हाच तुमचा पीएचडीचा विषय आहे. पहिली अडचण यादीची. ‘सातारा-सांगलीतले इंडी गेमकर्ते’ अशी यादी कुठेच मिळत नाही. स्टीमच्या पानावर जिल्हा नसतो. एकाकडून दुसऱ्याचं नाव घेत जायचं, म्हणजे स्नोबॉल सॅम्पलिंग केलं, तर ओळखीपाळखीचे आणि टिकलेलेच पुन्हा हाती लागतील. मुकाट्याने नोकरीत परतलेला माणूस कुणाच्या ओळखीत ‘गेमवाला’ म्हणून उरत नाही.

म्हणून यादी शेवटापासून न करता सुरुवातीपासून करा. दोन्ही जिल्ह्यांतल्या इंजिनिअरिंग आणि ॲनिमेशनच्या कॉलेजांतून ‘मला स्वतःचा गेम करायचाय’ म्हणणारे आजच नोंदवा आणि तीन वर्षं दर सहा महिन्यांनी त्यांच्याशी बोला. कोण नोकरी सोडतो, कोण धरून ठेवतो, कोण गेम अर्ध्यात टाकतो, कोण विकतो, कोण परततो. याला प्रॉस्पेक्टिव्ह कोहॉर्ट म्हणतात. वेळ लागतो, पण बेदाण्याला गेलेला मालही मोजला जातो.

दुसरी अडचण मोजमापाची. फक्त विक्री मोजली तर निम्मं चित्र सुटेल. घरातलं दुसरं उत्पन्न, कर्जाचे हप्ते, शेती, कुणाच्या नावावर काय, हे विचारावं लागेल. मुलींना वेगळे प्रश्न लागतील. ‘मुलगा घरी बसून काहीतरी करतो’ आणि ‘मुलगी घरी बसून काहीतरी करते’ या वाक्यांचा अर्थ आपल्याकडे एक होत नाही. घरी असलेल्या मुलीच्या वेळेवर स्वयंपाकघर आधी हक्क सांगतं. तिच्या गेमला लागलेले महिने मोजताना तेही तास मोजा.

तिसरी अडचण नैतिकतेची. अपयशाबद्दल बोलणाऱ्याचं नाव, गाव, गेमचं नाव झाकावं लागेल. छोट्या गावात ‘कराडचा एक तरुण, मांजराचा गेम’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

सरावासाठी एक काम करा. एक पान घ्या. तुमच्या गावातला, घरात भांडण लावणारा असाच एखादा प्रश्न लिहा: द्राक्षबाग मोडून दुसरं पीक घ्यावं का, एमपीएससीचा आणखी एक ॲटेम्प्ट द्यावा का, दुकान भाड्याने द्यावं का. त्याखाली चार ओळी लिहा. यातले उप-प्रश्न कोणते? तुलना कुणाची कुणाशी? न टिकलेले लोक मला कुठे सापडतील? माझ्याकडे ‘कसं’चा पुरावा आहे की ‘किती’चा? तिसऱ्या ओळीवर पेन अडखळलं, तर तिथेच जास्त वेळ द्या. सिनॉप्सिसच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.